तपासणी कोणाची, जबाबदारी कोणाची



स्मृतिव्याख्यानाला आलेल्या वक्त्याने एखादा मोठा, वैचारिक विषय घ्यावा अशी अपेक्षा असते. मी घराचा विषय घेतला आहे. वटार, सत्पाळा, राजोडी, नंदाखाल, आगाशी, नाळे या आपल्या गावांच्या पट्ट्यात माणूस आयुष्यभराची कमाई एकाच गोष्टीत ओततो, ती म्हणजे घर. आणि त्या खरेदीचा कायदा बहुतेकांना कळतो तो फसल्यानंतर, वकिलाच्या बाकावर बसून. तो थोडा आधी कळावा, म्हणून आज मी इथे उभा आहे.

प्रश्न असा आहे. घर घेण्याआधी कोणीतरी ते तपासलं आणि ‘सर्व ठीक आहे’ असं लिहून दिलं. पुढे मोठा दोष निघाला. तो पायाचा असेल, सळयांचा असेल, परवानगीचा असेल, नाहीतर मालकीहक्काचा. अशा वेळी घेणाऱ्याने कोणाच्या दारात जायचं?

अमेरिकेत किंवा कॅनडात स्थायिक झालेल्या आपल्या मुलामुलींना याचं एक उत्तर ठाऊक असतं. तिथे घर घेण्याआधी फी देऊन होम इन्स्पेक्टर नेमतात. तो छत, पाया, वायरिंग, नळ पाहतो आणि अहवाल देतो. अनेक राज्यांत त्याला परवाना लागतो. मात्र त्याच्या करारात बऱ्याचदा असं कलम असतं की त्याच्या हातून काही निसटलं, तर त्याची जबाबदारी त्याने घेतलेल्या फीपुरतीच. हे कलम काही राज्यांत टिकतं, काहींत टिकत नाही. म्हणजे तिथेही वाट सरळ नाही, पण एक गोष्ट पक्की आहे : तो माणूस घेणाऱ्याने नेमलेला असतो आणि त्याचा अहवाल घेणाऱ्याच्या नावाने असतो.

आपल्याकडे असा कायद्याने ओळखलेला व्यवसाय नाही. पण तपासणारे नाहीत असं म्हणता येणार नाही. नालासोपाऱ्यात एक फ्लॅट घ्या आणि मोजा. बिल्डरच्या वकिलाचा टायटल सर्च रिपोर्ट असतो. बँकेच्या पॅनेलवरचा वकील पुन्हा तेच पाहतो. बँकेचा व्हॅल्युअर येऊन किंमत काढतो. आर्किटेक्टचा दाखला असतो, आरसीसी सल्लागाराचा दाखला असतो. राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाचा, म्हणजे महारेराचा, नोंदणी क्रमांक असतो. जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट असतं. इतक्या नजरा एका घरावरून फिरतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचा खर्च शेवटी घेणाऱ्याच्या खिशातून जातो. तरी यांतला एकही माणूस घेणाऱ्याने नेमलेला नसतो. आपल्या पैशाने झालेली तपासणी आपल्या नावाने नसते. दाद मागायला गेलं की पहिली ठेच इथेच लागते, आणि आज मला जे सांगायचं आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आपल्याच तालुक्यातलं पाहू. नालासोपारा पूर्वेला अगरवाल नगरी, वसंतनगरी परिसरात ४१ इमारती उभ्या राहिल्या. जमीन विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि डम्पिंग ग्राउंडसाठी राखीव होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये त्या पाडायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयात तो टिकला, आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत सगळ्या ४१ इमारती जमीनदोस्त झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. विकास आराखड्यातलं आरक्षण हे काही गुप्त ठेवलेलं नसतं. नगररचना विभागात अर्ज केला की झोन दाखला मिळतो, भाग नकाशा मिळतो. जो कोणी ती मिळकत ‘तपासली’ म्हणून सही करतो त्याने हा एक कागद मागवला असता, तरी पुरलं असतं.

त्याआधी २०२३ मध्ये विरार पोलिसांनी ५५ इमारतींचं प्रकरण उघडकीस आणलं. बनावट शिक्के, बनावट बांधकाम परवानग्या, बनावट भोगवटा दाखले. त्या कागदांवर महारेराची नोंदणी झाली, बँकांनी कर्जं दिली, रजिस्ट्रेशन झालं. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींचा असाच प्रकार निघाला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. पुढे महारेराने परवानगीची खातरजमा थेट महापालिकांकडून करून घेण्याची पद्धत बसवली. चांगलं केलं. पण ज्यांनी आधी घरं घेतली त्यांनी महारेराचा क्रमांक पाहिला होता, बँकेने कर्ज मंजूर केल्याचं पाहिलं होतं, आणि एवढी मोठी बँक पैसे देते म्हणजे घर चोख असणार असा विश्वास ठेवला होता. हा विश्वास मूर्खपणाचा नव्हता. त्या जागी मी असतो तर मीही ठेवला असता. म्हणून विचारायचं की हा विश्वास कायदा मान्य करतो का.

आधी वकिलापासून सुरुवात करू, कारण मी स्वतः त्या व्यवसायातला आहे. हैदराबादच्या एका प्रकरणात बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने गृहकर्जासाठी मालकीहक्काचे अभिप्राय दिले. कागद बनावट निघाले, कर्जं बुडाली, आणि सीबीआयने त्या वकिलालाही आरोपी केलं. २०१२ मध्ये ‘सीबीआय विरुद्ध के. नारायण राव’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ अभिप्राय चुकला म्हणून वकील गुन्हेगार ठरत नाही. फसवणुकीत त्याचा हात होता असा पुरावा हवा. नाहीतर तो फार तर व्यावसायिक निष्काळजीपणा, आणि त्यासाठी दिवाणी किंवा शिस्तभंगाचा मार्ग आहे. हे मला योग्य वाटतं. डॉक्टर असो, इंजिनिअर असो, वकील असो, चुकला की तुरुंगात, असा न्याय चालणार नाही. त्या कामातला एखादा साधारण कुशल माणूस जेवढी काळजी घेतो तेवढी याने घेतली का, हा खरा निकष आहे.

पण मे २०२४ मध्ये आणखी एक निकाल आला, ‘बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी’. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. म्हणजे तुम्ही स्वतः वकील नेमला, त्याने उपनिबंधक कार्यालयात तीस वर्षांचा शोध न घेता सर्च रिपोर्ट दिला, बोजा लपून राहिला आणि तुम्ही बुडालात, तरी तुम्हाला ग्राहक आयोगात जाता येत नाही. दिवाणी दावा लावायचा, किंवा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करायची. बार कौन्सिल सनद काढून घेऊ शकते, पण तुमचे पैसे देऊ शकत नाही. माझ्या व्यवसायाला मिळालेलं हे संरक्षण सर्च रिपोर्टच्या कामाला लागू व्हायला नको होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. न्यायालयात उभं राहून युक्तिवाद करणं वेगळं आणि कागद पाहून ‘मिळकत निर्वेध आहे’ असं प्रमाणपत्र विकणं वेगळं. दुसऱ्या कामात न्यायाधीश नाही, प्रतिपक्ष नाही. ती सरळसरळ तपासणी आहे.

आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि व्हॅल्युअर यांना मात्र हे संरक्षण नाही. १९९३ च्या ‘लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता’ या निकालापासून घरबांधणी ही सेवा ठरली आणि सरकारी संस्थाही त्यातून सुटल्या नाहीत. फी देऊन घेतलेल्या तांत्रिक सल्ल्यात कसूर झाली तर ती सेवेतली त्रुटीच. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, फार कमी लोकांना ती माहीत असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कोणत्या आयोगाकडे जायचं हे दिलेल्या मोबदल्यावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग. तुम्ही इंजिनिअरला ३० हजार रुपये फी दिली असेल आणि त्याच्या चुकीने तुमचं १५ लाखांचं नुकसान झालं असेल, तर मोबदला ३० हजारच धरला जातो. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यावर तक्रारीची फी शून्य. शिवाय तक्रार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात करता येते, ऑनलाइनही करता येते. आणि इंजिनिअरने करारात ‘माझी जबाबदारी फीपुरतीच’ असं कलम घातलं असेल, तर त्याला अन्यायकारक करार म्हणून राज्य आयोगापुढे आव्हान देता येतं. हा अधिकार जिल्हा आयोगाला नाही.

आता व्हॅल्युअर. कर्जाच्या अर्जाबरोबर तुम्ही त्याची फी भरता, पण अहवाल बँकेला जातो, आणि बहुतेक घेणाऱ्यांनी तो कधी पाहिलेलाही नसतो. दोष निघाल्यावर व्हॅल्युअर म्हणतो, माझा तुमच्याशी करारच नाही. बँक म्हणते, तो अहवाल आमच्या तारणापुरता होता. इंग्लंडमध्ये १९८९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे नेमका हाच प्रश्न आला होता. नॉर्विचमधल्या एका बाईंनी साधं घर घेतलं. कर्ज देणाऱ्या सोसायटीने नेमलेल्या सर्व्हेअरने ‘मोठ्या दुरुस्तीची गरज नाही’ असं लिहिलं होतं. आधीच्या मालकाने खालच्या मजल्यांवरची चिमणीची भिंत काढून टाकली होती आणि वरचा भाग आधाराशिवाय लटकत ठेवला होता. सर्व्हेअरने वर जाऊन तो पाहिलाच नाही. दीड वर्षाने विटा छत फोडून खोलीत आल्या. ‘स्मिथ विरुद्ध बुश’ म्हणून हा खटला प्रसिद्ध आहे. न्यायाधीशांनी सांगितलं की साधं घर घेणारा माणूस दुसरी तपासणी करून घेत नाही, तो याच अहवालावर विसंबतो, फीही तोच देतो, आणि हे सर्व्हेअरला पक्कं ठाऊक असतं. म्हणून करार नसला तरी सर्व्हेअर त्या घेणाऱ्याला बांधील आहे. जबाबदारी झटकणारी छापील ओळही न्यायालयाने चालू दिली नाही.

हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. पण त्यातला न्याय मला विरारच्या फ्लॅटला तंतोतंत लागू वाटतो, आणि असा दावा आपल्याकडे वकिलांनी हिमतीने लढवायला हवा. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या बेकायदा बांधकामाच्या प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले, त्यांत बँकांनी इमारतीच्या तारणावर कर्ज देताना पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला पडताळूनच ते द्यावं असं म्हटलं आहे. म्हणजे बँकेची तपासणी ही बँकेची खासगी बाब राहिलेली नाही. तेव्हा कर्ज घेताना एक अर्ज द्या : मी फी भरलेल्या मूल्यांकन अहवालाची आणि कायदेशीर अभिप्रायाची प्रत मला मिळावी. बँक नाही म्हणेल, तर तसं लेखी मागा. तो नकारही पुढे पुरावा होतो.

स्ट्रक्चरल ऑडिटबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण इथे नुकसान पैशांवर थांबत नाही.

१४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागून असलेला हिमालय पादचारी पूल कोसळला. सात जणांचा जीव गेला. त्या पुलाचं ऑडिट आधी झालं होतं आणि तो वापरायला योग्य, किरकोळ दुरुस्तीचा, असा अहवाल होता. काही दिवसांतच ऑडिटरला अटक झाली. तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटलेल्या दोषाचं आपल्या राज्यातलं हे सर्वांत ठळक उदाहरण. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन इमारत पडली, १६ जण गेले, आणि गुन्हा बिल्डरबरोबर आरसीसी सल्लागार, आर्किटेक्ट आणि नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांवरही नोंदला गेला. आणि आपल्याकडे २०२५ च्या गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री विरारच्या विजयनगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा मागचा भाग कोसळला. १७ माणसं गेली. एका घरात लहान मुलीचा वाढदिवस चालू होता.

महाडची इमारत जेमतेम दहा वर्षांची, विरारची वीस वर्षांचीही नव्हती. आणि महापालिका अधिनियमाचं कलम २६५-अ म्हणतं की ३० वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीसाठी पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा ऑडिट सांगितलं आहे. पण अनधिकृत इमारतीत बहुधा संस्थाच नोंदलेली नसते, मग उपविधी कुठले? आपल्या किनाऱ्यावर तीस वर्षांची वाट पाहणं धोक्याचं आहे. खारी हवा, त्यात खाडीची रेती आणि मचूळ बोअरिंगचं पाणी वापरून ओतलेलं काँक्रीट. भारतीय मानक ४५६ नुसार सळयांच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. पाणी जास्त खारं असेल तर सळया आतून गंजतात, गंज फुगतो, काँक्रीट फुटतं आणि स्लॅबचे पोपडे खाली येतात. वर प्लास्टर आणि रंग मारला की घर घेणाऱ्याला काही दिसत नाही. ऑडिटरला दिसायला हवं, कारण त्याच्याकडे साधनं असतात.

इथेच कायदा आणि तंत्र एकमेकांना भेटतात. ऑडिटर निष्काळजी होता हे सिद्ध करायचं तर इमारतीची अवस्था दाखवून भागत नाही, त्याने काय करायला हवं होतं आणि केलं नाही ते दाखवावं लागतं. त्याने रिबाउंड हॅमर मारला का? अल्ट्रासॉनिक चाचणी केली का? किती कॉलम पाहिले? कोअर काढून प्रयोगशाळेत पाठवला का? सळया गंजल्यात का हे कळण्यासाठी हाफ-सेल चाचणी केली का? की नुसतं फिरून, चार फोटो काढून अहवाल टाइप केला? आणि त्याच्या नेमणूकपत्रात काय होतं? ‘इमारतीचं ऑडिट करणे’ एवढीच एक ओळ असेल तर तो म्हणेल, माझ्याकडे फक्त डोळ्यांनी पाहण्याचं काम होतं. म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनो, सर्वसाधारण सभेत सर्वांत स्वस्त कोटेशन मंजूर करण्याआधी त्यात चाचण्यांची नावं आहेत का ते वाचा. एखाद्या भागाची तपासणी करता आली नाही तर ती का करता आली नाही हे अहवालात लिहायचं, अशी अट घाला. अहवाल सोसायटीच्या आणि सर्व सदस्यांच्या उपयोगासाठी आहे, हे वाक्यही त्यात असू द्या.

बिल्डरविरुद्धचा मार्ग यापेक्षा बराच सरळ आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. रेरा कायद्याचं कलम १४(३) : ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत रचनेतला किंवा कामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई द्यायची. दोष कोणी तपासला होता, कोणाच्या नजरेतून सुटला, याच्याशी घेणाऱ्याला कर्तव्य नाही. आर्किटेक्टचा दाखला चुकला तरी उत्तर बिल्डरने द्यायचं. जमिनीच्या मालकीतच खोट निघाली तर कलम १८(२) खाली भरपाई, आणि तिला मुदतीची अडचण नाही. रेरा आणि ग्राहक आयोग यांतला कोणताही मार्ग निवडता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ‘इम्पेरिया’ प्रकरणात स्पष्ट केलं. मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या दाव्यात जानेवारी २०२२ मध्ये तेच न्यायालय म्हणालं की भोगवटा दाखला न मिळवणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि ती रोज चालू राहते, म्हणून वर्षं उलटली या कारणाने तक्रार फेटाळता येत नाही. दाखला नसल्यामुळे त्या रहिवाशांना पाणीपट्टी आणि मालमत्ता कर कितीतरी जास्त भरावा लागत होता. आपल्याकडे भोगवटा दाखला नसलेल्या इमारतींत राहणाऱ्यांनी हा निकाल आपल्या वकिलाला आवर्जून दाखवावा. अडचण वसुलीची आहे. महारेराने आदेश दिला तरी पैसे जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल व्हायचे, आणि ती वाट संथ असते. तिचा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो.

आता वटारकडे येतो. इथे टॉवर कमी, वाड्या जास्त. इथला व्यवहार म्हणजे वाडीतला एक तुकडा, त्यावरचं जुनं कौलारू घर किंवा नवा बंगला, नाहीतर सात-आठ फ्लॅटची छोटी इमारत. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठ घरांपर्यंतच्या प्रकल्पाला रेरात नोंदणी लागत नाही. अशा इमारतींना १९६३ चा मोफा, म्हणजे राज्याचा फ्लॅटमालकी कायदा आहे, त्यात दोष दाखवून द्यायला तीन वर्षं. आणि दुसऱ्या हातचं, म्हणजे रिसेलचं घर असेल तर दोन्ही कायदे फारसे मदतीला येत नाहीत. तिथे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ हाताशी धरायचं. घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. दडवलं, तर ती फसवणूक.

उदाहरण इथलंच घेतो, काल्पनिक आहे पण इथल्या कोणालाही ओळखीचं वाटेल. समजा एका कुटुंबाने बंगला घेतला. दोन पावसाळ्यांनंतर एका बाजूची भिंत तडकली, जमीन खचली, पायात पाणी साचायला लागलं. शेजारच्या आजींनी सांगितलं, अहो इथे बावखल होतं, भरणी करून वर घर बांधलं. इंजिनिअरने तपासणी केली होती, पण जागेवर पूर्वी काय होतं हे कोणाला विचारलं नव्हतं, जमिनीचा खड्डा खणून पाहिला नव्हता. बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची तळी, ही आपल्या हिरव्या पट्ट्याची ओळख. ती बुजवून घरं झाली, आणि भरणीच्या जमिनीवर पाया टाकायचा तर पाइल किंवा मातीची चाचणी लागते. या कुटुंबाकडे दोन दारं आहेत. विकणारा इथलाच असेल, त्याला बावखल ठाऊक असणारच, त्याच्यावर कलम ५५. आणि इंजिनिअर त्यांनी स्वतः नेमला असेल, तर त्याच्यावर ग्राहक आयोगात तक्रार. पण दोन्हींकडे पुरावा लागेल की तिथे बावखल होतं. जुना नकाशा, जुने फोटो, सातबाऱ्यावरची नोंद, वयस्कर माणसांची प्रतिज्ञापत्रं. आजी गेल्या की तो पुरावाही गेला.

दोष कळल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार मोलाचे असतात. माणूस घाबरून लगेच गवंडी बोलावतो, प्लास्टर करून घेतो, आणि पुरावा झाकला जातो. आधी फोटो, व्हिडिओ. मग दुसऱ्या स्वतंत्र इंजिनिअरचा अहवाल, ज्यात पहिल्याने काय केलं नाही हे स्पष्ट लिहिलेलं असेल. मग विकणारा, बिल्डर आणि तपासणारा या सगळ्यांना पोच मिळेल अशा टपालाने नोटीस : येऊन पाहा, अमुक दिवसांनी मी दुरुस्ती सुरू करणार आहे. जीवाला धोका असेल तर थांबू नका, टेकू लावा, घर रिकामं करा, महापालिकेला कळवा. खर्चाची प्रत्येक पावती ठेवा. दिवाणी न्यायालयात गेलात तर जागा पाहून अहवाल द्यायला कोर्ट कमिशनर मागता येतो. ग्राहक आयोगासाठी मुदत दोन वर्षं, दिवाणी दाव्यासाठी साधारण तीन. फसवणुकीने दोष लपवला असेल तर दिवाणी दाव्याची मुदत तो कळल्यापासून मोजतात. बनावट कागदांचा गुंता फार असेल तर ग्राहक आयोग तुम्हाला दिवाणी न्यायालयाकडे पाठवू शकतो, त्यासाठी मनाची तयारी ठेवा. पोलिसात गुन्हा जरूर नोंदवा, त्यातून कागदपत्रं हाती येतात. पण फौजदारी खटल्यात शिक्षा होते, घराची किंमत परत येत नाही, म्हणून पैशांचा दावा वेगळा आणि वेळेत लावावाच लागतो.

आणि सरकारी यंत्रणेचं काय? परवानगी देणं हे कर्तव्य आहे, विकलेली सेवा नाही, म्हणून तिथे ग्राहक आयोग बहुधा उपयोगी पडत नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका लागते. केरळात मरडूच्या चार गृहसंकुलांना किनारपट्टी नियमभंगासाठी पाडायचा आदेश झाला, तेव्हा सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येक फ्लॅटधारकाला अंतरिम २५ लाख रुपये द्यायला सांगितलं आणि ते पैसे बिल्डर व जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायची मुभा दिली. मरडूचे फ्लॅटधारक सुखवस्तू होते, खाडीकाठच्या महागड्या घरांत राहणारे. नालासोपाऱ्याच्या अगरवाल नगरीत राहणारे रिक्षा चालवत होते, लोकलने अंधेरी-गोरेगावला कामाला जात होते. कायद्यापुढे दोघांचा प्रश्न एकच आहे, आणि मरडूचा तो आदेश आपल्याकडच्या प्रत्येक याचिकेत पहिल्या पानावर यायला हवा.

शेवटी वटारच्या लोकांकडे एक मागणं आहे, ते आजच ठरवता येईल. गावातल्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसांना बसवून, गावनकाशा पुढे ठेवून, बुजवलेल्या बावखलांची, जुन्या ओहोळांची आणि पाणी तुंबणाऱ्या जागांची सर्व्हे नंबरवार नोंद करा. २०१८ च्या जुलैतल्या पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं तेही लिहा. सांगणाऱ्यांच्या सह्या घ्या, तारीख घाला. एक प्रत महापालिकेच्या नगररचना विभागाला पोच घेऊन द्या, एक महसूल कार्यालयात, एक इथल्या वाचनालयात ठेवा. मग पुढे कोणी विकणारा किंवा तपासणारा ‘मला माहीत नव्हतं’ म्हणाला, तर ती पोच न्यायालयात दाखल करता येईल.